डोळ्यातलं वय

"एकवीस," पडद्याकडे बघत तंत्रज्ञ म्हणाला आणि त्यानं आपली खुर्ची जराशी मागं सरकवली.

केतकी जगदाळेला वाटलं, तो पुढच्या मुलीला नंबरानं हाक मारतोय. पण तो तिच्याकडेच बघत होता. यंत्राच्या टेकूवरून हनुवटी उचलून राजनंदिनी डोळे पुसत होती. निळ्या झोतानं तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"झालं, मॅडम?"

"दुसरा डोळा घ्या," केतकी तंत्रज्ञाला म्हणाली.

दुसऱ्या डोळ्याचं वयही एकवीसच आलं. राजनंदिनी पिसाळ पंधरा वर्षांची होती, निदान तिच्या जन्मदाखल्यावर तसं होतं. पुण्यातल्या त्या खोलीबाहेर सतरा वर्षांखालच्या तिरंदाजी संघाची निवड चाललेली होती, आणि सकाळच्या फेरीत तिच्याइतके गुण राज्यात कुणालाही मिळालेले नव्हते.

"तुमचीच मुलगी ना, मॅडम?" तंत्रज्ञानं हळूच विचारलं. "वाईच्या केंद्राची?"

केतकीनं होकारार्थी मान हलवली. हे यंत्र मैदानावर आणायला सगळ्यांत जास्त भांडली होती ती केतकीच.

तिची कारणंही तशीच होती. सतरा वर्षांखालच्या स्पर्धांत वीस-बावीस वर्षांच्या मुली सर्रास उतरत. जन्माचे दाखले हवे तसे मिळत. हाडांच्या एक्स-रेवरून वय काढलं तर दोन वर्षांचा इकडेतिकडे फरक पडे, आणि त्या फटीतून वाट्टेल ते निसटे. केतकीनं शिकवलेल्या कितीतरी मुली अशा स्पर्धांत हरून रडत घरी गेल्या होत्या. मग 'वयदर्पण' आलं.

त्यामागचं विज्ञान केतकीनं पालकांच्या सभांत इतक्यांदा सांगितलं होतं की तिला ते पाठच झालं होतं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर उजेड टिपणाऱ्या कोट्यवधी पेशी असतात. त्यांचे शेंडे रोज झिजतात आणि गळून पडतात. पडद्यामागच्या पेशींचा एक थर हे गळलेले शेंडे गिळतो आणि पचवतो. हे काम जन्मभर चालतं. पण सगळंच पचत नाही. अ जीवनसत्त्वापासून बनलेला एक रेणू उजेड पडला की आकार बदलतो, त्यामुळंच आपल्याला दिसतं. काम झालेला हा रेणू वेळेवर उचलला गेला नाही, तर तसे दोन रेणू एका चरबीच्या रेणूला धरून एकमेकांत अडकतात. ही गाठ पेशीला कधीच सोडवता येत नाही. अशा गाठींचा गाळ वर्षानुवर्षं साचत राहतो. त्याचं नाव लिपोफ्युसिन. त्याच्यावर निळा उजेड पाडला की तो सोनेरी चमकतो. लहान मुलाच्या डोळ्यात ही चमक जेमतेम असते, साठीच्या माणसाच्या डोळ्यात भरपूर. वयदर्पण ती चमक मोजायचं, हजारो निरोगी डोळ्यांशी ताडून बघायचं आणि एक आकडा द्यायचं. चूक झाली तरी वर्षाच्या आतली. खाजगीपणाच्या नियमामुळं डोळ्याचं चित्र यंत्र तिथल्या तिथं पुसून टाकायचं. मागं उरायचा फक्त आकडा.

"दाखला खोटा करता येतो," केतकी सभेत म्हणायची. "डोळा खोटा करता येत नाही."

त्या दुपारी राजनंदिनीचं नाव फलकावरून उतरलं. वाईला परतताना गाडीत ती केतकीच्या शेजारीच बसली होती.

"मॅडम, यंत्र चुकलंय. तुम्ही सांगा ना त्यांना."

केतकी समोरच्या रस्त्याकडे बघत राहिली. खंबाटकीचा घाट मागं पडला तरी तिनं मान वळवली नाही. मग राजनंदिनीनंही पुन्हा विचारलं नाही.

*

अंकुश पिसाळ दूध संघाचा टँकर चालवायचा. केतकी त्याच्या घरी पोचली तेव्हा तो नुकताच फेरीवरून आला होता आणि ओसरीत हातपाय धुऊन बसला होता. त्याची बायको वैशाली चहा घेऊन आली. राजनंदिनी आतल्या दारात उभी होती.

केतकीनं आडवळण घेतलं नाही. "पिसाळदादा, मला खरं सांगा. राजीच्या आधी तुम्हाला एखादी मुलगी होती का?"

अंकुशला आधी प्रश्नाचा रोखच कळला नाही. "म्हंजे?"

"धाकटीच्या दाखल्यावर थोरली खेळवतात काही लोक. धाकटी वारलेली असते, किंवा..."

कपबशी ठेवता ठेवता वैशालीचा हात तिथंच थांबला. "मॅडम, माझं एकच बाळंतपण झालंय," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "वाईच्या सरकारी दवाखान्यात. हिला पाळण्यात घातली तेव्हा गल्ली जेवली होती. विचारून या कुणालाबी."

"मी तुमच्यावर आरोप करत नाहीये."

"मग काय करताय?" अंकुश उठून उभा राहिला. "पाच वर्सं पोरगी तुमच्या हवाली केलीय. माझ्यापेक्षा तुमच्याजवळ जास्त ऱ्हायलीय ती. आन तुम्ही माझ्या दारात येऊन इचारताय, ही पोर कोन म्हनून?"

"यंत्र..."

"यंत्राला काय कळतंय ओ! दहा वर्सांची असताना तुमच्याकडं आली, तवा हिचे दुधाचे दात पडत हुते. तुमी बघितले न्हाईत?"

केतकीनं बघितले होते. सरावाच्या मैदानावर पडलेला एक दात राजीनं तिला मूठ उघडून दाखवला होता. दात उशिरानं पडणाऱ्या मुली असतात, असं स्वतःला सांगत ती उठली. चहा तसाच राहिला.

दारातून राजनंदिनी म्हणाली, "मॅडम, उद्या धनुष्य आणून देते. केंद्राचं आहे ते."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खरंच आली. धनुष्याची पेटी तिनं केतकीच्या पायाशी ठेवली. बाकीची मुलं लांब कोपऱ्यात तयारी करत होती, त्यातलं कुणी तिच्याजवळ आलं नाही. बातमी सगळीकडं पोचली होती.

"शेवटचे सहा बाण मारू?" तिनं विचारलं.

केतकीनं मान हलवली. एरवी ती मागं उभी राहून दुर्बिणीतून बाण बघायची. आज ती राजनंदिनीच्या समोरच्या बाजूला, बाणाची वाट सोडून दोन हातांवर उभी राहिली. तिला लक्ष्य बघायचं नव्हतं. तिला ह्या मुलीचा चेहरा बघायचा होता, खोटं बोलणारा चेहरा कसा असतो ते.

राजनंदिनीनं दोरी ओढून हनुवटीला टेकवली. मान स्थिर होती, खांदा स्थिर होता. पण उजव्या डोळ्याचं बुबुळ लक्ष्यावर नव्हतं. ते वर होतं. लक्ष्याच्याही वर, मागच्या मातीच्या बांधाकडं.

बाण सुटला आणि पिवळ्याच्या कडेला लागला.

"राजी, कुठं बघतेस तू?"

"समोर."

"खोटं बोलू नकोस. बांधाकडं का बघतेस?"

राजनंदिनीनं धनुष्य खाली केलं. ती दोरीशी चाळा करायला लागली. "मधलं पिवळं दिसत नाही," ती शेवटी म्हणाली. "म्हणजे तिथं काही नसतंच. धुकं असतं. वरती बघितलं की निळं आणि काळं कडं खालून दिसतं. ते धनुष्यावरच्या साईटच्या रिंगणात सारखं बसवायचं आणि सोडायचं. मग लागतो पिवळ्यात."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून. फळ्यावरचं पण पुसट झालंय. मला वाटलं, चष्मा लागेल."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही संघातून काढलं असतं."

केतकीनं तिला खरंच काढलं असतं.

*

डोळ्याच्या पडद्याच्या आजारांच्या तज्ज्ञ डॉ. गौतमी रेगे पुण्यात बसायच्या. त्यांच्या दवाखान्यातलं यंत्र तोच निळा झोत टाकायचं, पण ते आकडा देत नसे, चित्र देत असे. ते चित्र त्यांनी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावलं, आणि पिसाळ नवरा-बायको, राजनंदिनी आणि केतकी चौघंही बघत राहिले. सगळी पार्श्वभूमी सोनेरी झळकत होती. तिच्यावर बारीक मासोळ्यांसारखे आणखी उजळ ठिपके विखुरलेले होते, आणि मधोमध एक काळपट डाग होता.

"हे म्हातारपण नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हा स्टारगार्ट नावाचा आजार आहे. उजेड पडून झाला की तो वापरलेला रेणू उचलून बाहेर टाकायला प्रत्येक पेशीत एक प्रथिन असतं. हमालासारखं. राजनंदिनीच्या पेशींत तो हमाल जवळजवळ नाहीच. त्यामुळं माणसाच्या डोळ्यात वीस-तीस वर्षांत साचतो तेवढा गाळ हिच्या डोळ्यात आत्ताच साचलाय. आणि हा गाळ विषारी असतो. मध्यावरच्या पेशी त्यानं मरायला लागल्यात."

"मग यंत्राला हा डाग दिसला कसा नाही?" केतकीनं विचारलं.

"ते मध्यावर बघतच नाही. निरोगी डोळ्यातही मध्यावर नैसर्गिक पिवळा रंग असतो, त्यानं मोजणी बिघडते. म्हणून ते भोवतीचं कडं मोजतं. आणि त्याला शिकवलेत फक्त निरोगी डोळे. त्याला एकच प्रश्न माहीत आहे, वय किती. त्यानं त्याचं उत्तर दिलं."

अंकुश खुर्चीच्या कडेवर बसला होता. "आमच्यात कुनाला चष्मासुदिक न्हाई, डॉक्टर."

"तुम्हा दोघांतही ह्या जनुकाची एकेक प्रत बिघडलेली असणार. एक बिघडली तरी दुसरी काम भागवते. हिच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या आल्या. यात कुणाचाही दोष नाही."

अंकुशनं वैशालीकडं बघितलं आणि वैशालीनं त्याच्याकडं. मग दोघांनीही एकदमच मान खाली घातली.

डॉक्टर राजनंदिनीकडं वळल्या. "काही औषधं, गोळ्या वगैरे घेतेस?"

राजनंदिनीनं चोरट्या नजरेनं केतकीकडं बघितलं.

"माशाच्या तेलाच्या कॅप्सूल," केतकी म्हणाली. "अ जीवनसत्त्वाच्या. केंद्रातल्या सगळ्या मुलांना मी सकाळी देते. नजरेसाठी."

"मी दोन घ्यायचे," राजनंदिनी पुटपुटली. "दिसेना म्हटल्यावर तीन."

डॉक्टरांनी क्षणभर डोळे मिटले. "त्या आजपासून बंद. गाळ बनतो तो त्याच जीवनसत्त्वापासून. बाकीच्या मुलांना त्यानं काही होत नाही. हिच्यासाठी ते आगीत तेल होतं."

केतकीला वाटलं, आता अंकुश काहीतरी बोलेल, ओरडेल. त्यानं फक्त राजीच्या पाठीवर हात ठेवला. ते तिला जास्त जड गेलं.

औषध होतं. जड हायड्रोजन घालून बनवलेलं अ जीवनसत्त्व. त्यानं दिसतं तसंच, पण त्याचे रेणू एकमेकांत सहजासहजी अडकत नाहीत, त्यामुळं गाळ साचणं खूप मंदावतं. गेलेलं परत येत नाही. उरलेलं बरंचसं टिकतं. जितक्या लवकर सुरू होईल तितकं जास्त टिकतं.

"आणि ऊन टाळायचं," डॉक्टर म्हणाल्या. "दिवसदिवसभर उघड्या मैदानावर उभं राहणं आता नको."

राजनंदिनी तेव्हा पहिल्यांदा रडली.

निघताना डॉक्टरांनी केतकीला मागं थांबवलं. "जगदाळे, ह्या यंत्रानं आजवर किती मुलांना घरी पाठवलं?"

"पंचवीस-तीस असतील. सगळ्या खेळांची मिळून."

"त्यांतल्या एकाच्या तरी डोळ्याचं चित्र कुणी बघितलंय का?"

केतकी वयनिश्चितीच्या समितीवर होती. त्यातल्या कितीतरी मुलांना तिनं स्वतः समोर बसवून आकडा सांगितला होता. ती मुलं रडायची, शपथा घ्यायची. एका मुलीनं केतकीचे पाय धरले होते.

"चित्रं पुसली जातात," ती म्हणाली. "कुणीच बघितलेली नाहीत."

*

क्रीडा संघटनेचे सचिव शशांक वर्टीकर यांनी केतकीचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तिचं बोलणं संपल्यावर त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं.

"वाईट झालं. पोरीवर अन्याय झाला, तो आपण दूर करू. उद्या तिच्या अपात्रतेवरच्या सुनावणीत संशयाचा फायदा म्हणून तिचं नाव परत यादीत घालतो. राष्ट्रीय स्पर्धा खेळू दे तिला. समितीच्या वतीनं तुम्ही फक्त संमती द्या."

"आणि आजार?"

"तो तिचा खाजगी मामला. आपण कशाला चव्हाट्यावर मांडायचा?" ते पुढं झुकले. "केतकीताई, हे यंत्र आता बालन्यायालयात चाललंय, पेन्शनच्या कचेऱ्यांत चाललंय. ह्या घटकेला त्यात खोट आहे असं आपणच म्हणायचं? ते आणलंत तुम्ही. उद्या सगळे खोटारडे परत मैदानात उतरतील."

"त्या घरी पाठवलेल्या मुलांमध्ये अजून कुणी आजारी असेल तर?"

"असेलच असं नाही."

"नसेलच असंही नाही."

वर्टीकरांनी हात पसरले. "तुमची पोरगी खेळेल. विचार करा."

केतकीनं विचार केला. पिसाळांच्या ओसरीत बसून, ठरावाचा शब्द न् शब्द आणि घरी पाठवलेल्या बाकीच्या मुलांची गोष्ट त्यांच्यापुढं ठेवून केला. तिचं बोलून संपायच्या आतच राजनंदिनी म्हणाली, "हो म्हणा, मॅडम. एकदाच खेळू द्या. आल्यावर गोळी सुरू करते, उन्हात जात नाही, तुम्ही म्हणाल ते करते. एकदाच."

"राजी, तेवढ्यात किती दिसायचं कमी होईल, डॉक्टरांनाही सांगता येत नाही."

"डोळे माझे आहेत!"

अंकुश भिंतीला टेकून बसला होता. "खेळू द्या तिला, मॅडम. आजाराचं नाव नका काढू. आंधळी हुनार म्हनून गावभर झालं तर तिला जगू देतील व्हय लोक?"

वैशाली पुढं सरकली. "ह्या बाईंनी माझ्या पोरीला खोटी म्हटलं, तवा मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं," ती नवऱ्याला म्हणाली. केतकी समोर होती, तरी तिनं तिचं नाव घेतलं नाही. "अजून कुणाची तरी पोर घरात बसलीय. तिला खोटी म्हटलंय, आन दिसेना का झालं तेबी तिला ठावं न्हाई. तिच्या आईनं काय करायचं?"

"दुसऱ्याच्या पोरीसाठी माझं का?" राजनंदिनी ओरडली.

वैशालीनं तिला जवळ घ्यायला हात पुढं केला, तो झटकून ती आत गेली. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

"सांगा तुम्ही उद्या," वैशाली केतकीला म्हणाली. "आजाराचं नाव घेऊन सांगा. आईची परवानगी हाय म्हणावं."

अंकुश हो म्हणाला नाही. पण त्यानं बायकोला अडवलंही नाही.

*

सुनावणी थोडक्यात आटोपेल असं सगळ्यांना वाटत होतं. वर्टीकरांनी ठराव वाचला आणि संमतीसाठी केतकीकडं बघितलं. ती उठून उभी राहिली. डॉ. रेगेंनी दिलेलं ते सोनेरी चित्र तिनं पडद्यावर लावलं आणि अ जीवनसत्त्वापासून सुरुवात केली. कॅप्सूलचंही सांगितलं. मधे दोनदा तिला खाली बसायला सांगण्यात आलं, ती बसली नाही.

संध्याकाळपर्यंत बातमी फुटली. काही दिवसांतच यंत्राची चाचणी थांबवावी लागली, आणि बालन्यायालयांनीही ते बाजूला ठेवलं. राजनंदिनीवरचा खोटेपणाचा ठपका पुसला गेला. पण तिचा आजार आता सगळ्यांसमोर होता, आणि वैद्यकीय कारणानं तिचं नाव संघातून पुन्हा काढलं गेलं. राष्ट्रीय स्पर्धा तिच्याविना झाली. समितीवरून केतकीची गच्छंती झाली. वर्टीकर नंतर एका लग्नात समोर आले, तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं.

राजनंदिनीनं औषध सुरू केलं. मोठ्या अक्षरांची पुस्तकं आली, ती शाळेत पहिल्या बाकावर बसायला लागली. केतकी घरी गेली की ती आतल्या खोलीत निघून जायची. केतकी वैशालीकडं औषधाची चौकशी करायची आणि परत फिरायची.

संघटना घरी पाठवलेल्या मुलांना बोलावून घेईना. तेव्हा केतकीनं स्वतःच जायचं ठरवलं. तिनं परत पाठवलेलं एकही नाव ती विसरली नव्हती. डॉ. रेगे सुट्टीच्या दिवशी हातात मावणारं यंत्र घेऊन यायला तयार झाल्या. पहिलं गाव जत तालुक्यातलं होतं. अंकुशला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "गाडी मी चालवतो. त्या भागातले रस्ते मला म्हायती हायत."

निघायच्या सकाळी गाडीच्या मागच्या सीटवर काळा चष्मा लावून राजनंदिनी बसलेली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. केतकी काही विचारणार होती, पण अंकुशनं आरशातून नको अशी खूण केली.

चार तासांच्या वाटेत राजनंदिनी खिडकीकडं तोंड करून बसली होती.

आफरीन मुलाणीचं घर गावाच्या टोकाला होतं. ती भालाफेक करायची. यंत्रानं तिला तेवीस वर्षांची ठरवलं होतं. दाखल्यावर ती सोळाची होती. केतकीनं कडी वाजवली. दार उघडलं ते आफरीननंच. कणकेचे हात ओढणीला लागू नयेत म्हणून तिनं ते लांब धरले होते.

"कोण?" तिनं विचारलं. ती केतकीच्या डोक्याच्या वर, दाराच्या चौकटीकडं बघत होती.

केतकी नाव सांगायला पुढं झाली. डॉक्टर अजून गाडीतून पेटी उतरवत होत्या.

"मॅडम, थांबा," मागून राजनंदिनी म्हणाली. कित्येक महिन्यांनी ती केतकीशी बोलली होती. ती पुढं आली, पायरी चढली आणि चष्मा काढून आफरीनच्या समोर उभी राहिली. "तुला समोरच्याचं तोंड दिसत नाही ना? वर बघितलं की खालून दिसतं."

आफरीन दचकली. "तुला कुणी सांगितलं? मी घरातबी कुणाला बोलले न्हाई."

"मला पण तसंच आहे," राजनंदिनी म्हणाली. "ह्याला औषध आहे. आम्ही डॉक्टर आणलेत."

आफरीननं मान थोडी वळवली आणि कडेच्या नजरेनं केतकीचा अंदाज घेतला. "आन ह्या? ह्या पण डॉक्टर?"

राजनंदिनी बाजूला सरकली.

"मी केतकी जगदाळे," केतकी म्हणाली. "पुण्याहून तुला घरी पाठवणारी मीच. तू खरं बोलत होतीस."

आफरीनच्या हातावरची कणीक वाळायला लागली होती. तिनं ती बोटांनी चोळून काढली, सावकाश, एकेक बोट. मग आत वळून तिनं हाक मारली, "अम्मी, चटई टाक. चार माणसं आल्यात."